नावाड्याचं वाक्य

पाण्याच्या टाकीभोवती आमची तिसरी फेरी सुरू झाली तरी ताईंचं नावाडीपुराण काही संपेना.

“काल उशिरा गेले ना, तर रुसल्यासारखा वाटला गं मला.”

“ताई, खेळातला नावाडी तो! कॉम्प्युटर चालवतो त्याला. रुसायला मन कुठून आणणार?”

उद्या ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. दिसणारा असा तो एकच डोळा राहिलाय. म्हणूनच बहुधा आज तोंडाला विसावा नव्हता.

इस्पितळात एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट चालवली. निवृत्त झाल्यावर भाचीने टॅबवर खेळ घालून दिला. बेटावर घर बांधायचं, बाग लावायची. ताईंची बाग अजून ओसाडच आहे, कारण त्या नुसत्या नावाड्याच्या होडीत बसून येरझारा घालतात. नावाडी दर वेळी एकच विचारतो, “आज कुठे सोडू?” भाची बटण दाबून त्याला अर्ध्यावरच गप्प करते. ताई पूर्ण ऐकतात. एकदा तर सवयीने मोठ्याने “चौथा मजला” म्हणाल्या! हसून हसून माझं पोट दुखलं.

“हस तू. रोज देवाशी बोलतेस, तो कधी उलट बोलला?”

“तो ऐकतो.”

“माझा निदान विचारतो तरी!”

चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, “कळतं गं, तो माणूस नाही. पण मीही दिवसभर एकच वाक्य बोलायचे. लोक भिंतीकडे बघून मजला सांगायचे. त्याला तसं वागवायला मन होत नाही.”

नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान त्याच इस्पितळात होते. ‘आता काही सांगता येत नाही,’ हे डॉक्टरांचं बोलणं ऐकून मी लिफ्टमध्ये शिरले. “कितवा मजला?” उत्तरच सुचेना. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. दार लावलं आणि माझं रडून होईपर्यंत मला वरखाली फिरवत राहिल्या. मग रुमाल पुढे करून हळूच तेच, “कितवा मजला?”

यजमान बरे झाले ती देवाची कृपा. पण त्या दिवशी मला उभं केलं ते ताईंनी. रोज हात जोडताना मी दोघांनाही आठवते.

फाटकाशी ताईंनी माझा हात धरला.

“महिनाभर टॅब बंद. पुढचं त्याच्या हातात,” त्यांनी वर बोट दाखवलं. “तोवर माझ्याऐवजी रोज होडीत बसशील? आणि हे बघ, नावाड्याचं वाक्य मध्येच तोडू नकोस.”