पाठवणीचे कॉम्प्युटर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बराकपूरच्या घरी त्याच्यासाठीच आमटीला फोडणी देत होते. रविवार होता, तो जेवायला यायचा होता... फोडणी जळून गेली.

माझा हा थोरला भाऊ गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाला, पण आमच्या गावी, पुण्याला परतला नाही. कचेऱ्यांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर गोळा करायचे, जेवणाच्या टेबलावर दुरुस्त करायचे आणि ज्या घरात शिकणारी मुलं आहेत तिथे द्यायचे, हाच या ब्रह्मचाऱ्याचा संसार. टेबलावर जागा नसे, म्हणून ताट मांडीवर घेऊन जेवायचा. एखादा कॉम्प्युटर तयार झाला की मला बोलावणं यायचं. लेकीची पाठवणी करावी तशी मी त्याला हळदकुंकू लावून वर अक्षता टाकायचे. "अगं, यंत्र आहे ते, नवरी नव्हे," तो चिडवायचा.

एकदा दिलेला कॉम्प्युटर आठवड्यात बंद पडून परत आला. वरच्या जाळीतून अक्षता आत गेल्या होत्या आणि एक दाणा पंख्यात अडकला होता! त्या मुलीची ऑनलाइन परीक्षा हुकली. अण्णा कधी नव्हे तो माझ्यावर ओरडला, "यापुढे अक्षता बंद!" चूक माझीच होती, तरी फार लागलं. मी त्याच्याकडे जाणं सोडलं. तो मात्र दर रविवारी येत राहिला, आणि निघताना देवघरात डोकावू लागला. जन्मात कधी हात न जोडलेला माणूस... उतारवयात देव आठवला, म्हणून मी मनात हसायचे.

तेराव्यानंतर त्याचं घर आवरायला गेले, तर टेबलावर एक कॉम्प्युटर. ओळखीच्या ऑटोवाल्याच्या मुलीला, मौशुमीला त्याने तो कबूल केला होता. पोरगी सगळा डिप्लोमा मोबाइलवर डोळे ताणून करत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. अण्णाचा शेवटचा शब्द खोटा पडतो की काय, याचीच धास्ती. तिलाच बोलावून घेतलं. अण्णाने शिकवल्याप्रमाणे तिने आधी झाकण उघडलं. आत, पंख्यापासून दूर, चिकटपट्टीने घट्ट बसवलेली इवलीशी प्लास्टिकची पुडी. पुडीत अक्षता.

"ये तो सबमें रहता है, आंटी," मौशुमी म्हणाली. "अंकल बोलते थे, मेरी बहन का आशीर्वाद है, निकालना मत।"

अरे अण्णा, एकदा सांगायचंस तरी! मी त्या पोरीसमोरच रडले.

कॉम्प्युटर सुरू झाला. मौशुमी तो ऑटोत मांडीवर घेऊन गेली.

घरी येऊन दिवा लावला. दर सोमवारी अक्षतांची वाटी उणी दिसायची आणि मी उंदरांच्या नावाने बोटं मोडायचे... आता ती भरलेलीच असते.