परत कशावरून याल?

अमेरिकेच्या व्हिसाचा नकार घेऊन मी मुंबईहून औरंगाबादला परतत होतो. गाडीत समोर खुलताबादकडची एक शेतकरी बाई शेंगा फोडत बसली होती. तीही त्याच व्हिसा कचेरीतून येत होती, एकटी. लेकीचं बाळंतपण अमेरिकेत होतं.

"आधी दोनदा नाय म्हणले. मी एजंटानं पढवलेलं बोलत होते ना," ती शांतपणे म्हणाली. "आज साहेबानं विचारलं, परत कशावरून याल? म्हणलं, मृगाला माझी पेरणी हाय, ती कोण करील? हसला अन् व्हिसा दिला."

मी थक्क होऊन तिच्याकडं पाहत राहिलो. माझ्या मांडीवर कागदांची जाडजूड फाईल होती.

मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवत तिनं विचारलं, "तुमचं इथं काय हाय, ते सांगितलं का?"

शेंगा खिशात टाकून मी फाईल उघडली आणि एकेक कागद उलटू लागलो.