बिनदगडाची कबर

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर काढलं नाही. मी कॉलेजात आलो, म्हणून लगेच कागद घेऊन बसावं, हे माझं मलाच जरा जास्त वाटतं. कुणाला वाटेल, हा आपल्या धर्माचा प्रचार करतो आहे. कुणाला वाटेल, गावाची बदनामी करतो आहे. दोघांचीही आधीच माफी मागतो. गावाकडची एक अर्धवट बातमी काही दिवसांपासून कानावर आहे आणि पुरी बातमी येत नाही. पुस्तक उघडलं की ओळी दिसतात, अर्थ लागत नाही. म्हणून लिहितो.

पाटलांनी मला हाक मारली तेव्हा मी त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. हातात काठी होती. उन्हाळा होता, दुपार कलली नव्हती. पाटील बाभळीखाली उभे होते आणि त्यांचा सालदार, सालाने ठेवलेला गडी, नामा बैलांपाशी वखर धरून उभा होता.

"काऊन बे, अथी काय राखून राह्यला? वावर तुह्या बापाचं हाय काय?"

मी म्हणालो, "बाप हाय अथी."

"कोठी हाय? दाखव."

मी बोट दाखवलं. बापाला हिवाळ्यात पुरलं होतं. माती बसून जमिनीबरोबर झाली होती. रोज हाताने थापत होतो तरी.

पाटील वाकून पाहू लागले. खरंच शोधताहेत असं दाखवत होते. "दगड हाय काय एखांदा? काटा हाय? मले त नुसतं वावर दिसते. तुले दिसते काय रे नाम्या?"

नामाने मान खाली घातली.  

मग पाटलांचं लक्ष जुवाकडे गेलं. वखराची दांडी जुवाला बांधलेला दोर ढिला झाला होता. दोर आमच्याच घरचा होता. गावातला कुठला दोर आमच्या घरचा नव्हता? आम्ही मांग. अंबाडी भिजवायची, सोलायची, वळायची. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, पाळण्याची दोरी, तिरडीची दोरी. सगळं आमच्या हातचं.

"मांगाचं पोरगं हाय ना तू? आवळ तो दोर."

मी उठलो. दोर आवळला. गाठ बसत नव्हती. पाटील शांतपणे थांबले. गाठ बसली. मग ते म्हणाले, "सरक. पाय सांभाळ बे." आणि माझ्या डोळ्यांसमोर वखर माझ्या बापावरून गेला. गेला, वळला, परत आला.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन.

कबरीवर दगड का नव्हता, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी माझ्या बहिणीचं सांगावं लागेल.

बहिणीला देवी आल्या होत्या. तेव्हा आम्ही सगळे मरीआईला मानत होतो. घरात कुणी यायचं नाही, तिला कुणी शिवायचं नाही. आईसुद्धा लिंबाच्या डहाळीने लांबून वारा घालायची. त्या दिवसांत मिशनच्या दवाखान्यातली एक बाई बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरायची. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी. आम्ही तिला नुसतं बाईच म्हणायचो. ती आमच्या झोपडीत वाकून आली, खाली बसली आणि तिने बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. कोमट पाण्याने तिचे फोड पुसले. एकेक. मला त्या बाईचीच भीती वाटली. वाटलं, आता देवी हिच्यावर कोपेल.

बहीण गेली. बाईने तिला वाचवलं असं मी लिहिणार नाही, कारण वाचवलं नाही. पण आईने ते मांडीवरचं डोकं पाहिलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती बाईला एकच विचारत राहिली, की तुम्ही शिवल्या कशा? बाई म्हणाली, माझ्या येशूने महारोग्याला हात लावला होता, मला फोडांची काय भीती. आईने एवढंच धरलं. सहा महिन्यांनी आईबापाने बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. माझ्याही डोक्यावर पाणी पडलं.

गाव चिडलं. गावातले महार तोवर बौद्ध झाले होते, त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. आता मांगही हातचे जातात की काय, ही गावाची चिंता. आमच्याच मांगवाड्यातले लोक म्हणाले, मरीआई सोडणार नाही. आणि त्याच हिवाळ्यात बापाला ताप भरला. तो उतरलाच नाही.

मी खरं लिहितो. मला तेव्हा वाटलं, लोक म्हणतात ते बरोबर आहे. मरीआईने बाप नेला आणि येशूने नेऊ दिला. मी दोघांनाही भ्यायला लागलो. एकाचं नाव घेताना दुसऱ्याची भीती वाटायची. आईला हे कधी सांगितलं नाही.

बापाला नाल्याकाठी आमच्या जुन्याच जागेत पुरलं. पाटलांच्या वावराला लागून ती पट्टी होती; दगडांच्या जुन्या कबरी नाल्याकडे, बापाची वावराकडच्या कडेला. आमचे मेलेले तिथेच असायचे. आमच्याकडे मढं पुरलं की वर मोठाले दगड रचतात आणि बाभळीचे काटे टाकतात, कुत्री-कोल्ही उकरू नयेत म्हणून. काकाने दगड गोळा करून आणले. बापाचा धाकटा भाऊ. तो ख्रिस्ती झाला नव्हता, पण भावाला माती द्यायला आला होता. तो पहिला दगड ठेवणार, तेवढ्यात आईने त्याचा हात धरला.

"दगड नोका ठेवू. त्याले उठाले जड जाईन."

बाईने तिला तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगितली होती. बाया पहाटे कबरीकडे निघाल्या आणि वाटेत काळजी करू लागल्या, की तोंडावरचा दगड लोटायचा कुणी. बाकी सगळी गोष्ट एकीकडे, आईच्या मनात हीच काळजी बसली. त्या बाया तरी तिघीचौघी होत्या. ही एकटी.

कुणी हसलं नाही. काकाने दगड नाल्यात टाकले. जाताना मला म्हणाला, "तुह्या मायचं डोकं फिरलं. तू राखत जा, कुत्रे येतीन." म्हणून मी काठी घेऊन बसायचो. शाळा नव्हतीच. दगड नव्हता म्हणून मी होतो.

वखर फिरला त्या दिवशी मी पळत घरी आलो. आई अंबाडी सोलत होती. मी रडत रडत सांगितलं. दोर आवळल्याचंही सांगितलं. वाटलं, ही मारेल किंवा छाती बडवून घेईल. तिने हातातली अंबाडी खाली ठेवली.

"खोल गेला काय वखर?"

"नाही. वरवर."

"मंग त्याले लागलं नाही," ती म्हणाली. आणि उठून नाल्याकडे गेली. मी मागे गेलो. तिने दोन्ही हातांनी माती ओढली आणि पुन्हा उंच केली. मला म्हणाली, तू पण ओढ. आम्ही दोघं माती ओढत राहिलो. पाटील बाभळीखालून पाहत होते. 

त्या वर्षी पोळ्याच्या तोरणाचा दोर द्यायची पाळी आमच्या घराची होती. गावाचं तोरण मांगाने वळलेल्या नव्या दोरावर बांधतात, आंब्याची पानं खोचतात आणि त्याच्याखाली गावचे बैल उभे राहतात. पहिली जोडी पाटलांची. आई वळायला बसलीच नाही. नामा बोलवायला आला. आई म्हणाली, मी येत नाही. नामा उभाच राहिला, रिकामा गेला तर त्याला शिव्या बसल्या असत्या. मग मी गेलो.

मारुतीच्या पारावर गाव बसलं होतं. पाटलांनी विचारलं, दोर कुठे आहे. वाटेत मी काही ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे मी सांगणार होतो, की आई आजारी आहे.

तोंडातून निघालं, "दोर नाही देत. पयले मह्या बापावरून वखर फिरवनं बंद करा."

बोलून झालं आणि माझी चड्डी ओली झाली. पारावर सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, पाहा, मांगाचं पोरगं तोरणाआधीच पाणी शिंपडून राह्यलं. सगळे हसले. पाटीलही हसले. मला मारलं नाही, हाकललं. मी तसाच, ओला, सगळ्या गावातून चालत घरी आलो.

तोरण झालं. दोर काकाने दिला. त्याला त्याच्या लेकरांची भीती होती, मी त्याला दोष देत नाही. आमचं मात्र काम बंद झालं. गावात कुणी दोर घेईना, खळ्यावर कुणी दाणे देईना. आई दोर डोक्यावर घेऊन वरवट बकालच्या बाजाराला जाऊ लागली. बाईने मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. आई आली नाही. म्हणाली, तो उठला आणि मी अथी नसली, त काय म्हनीन तो?

बोर्डिंगात मी शिकलो आणि भीत राहिलो. दारात कुणी मोठ्याने बोललं तरी मी ताडकन उठून उभा राहायचो. एकदा बाई भेटायला आली तेव्हा मी धीर करून विचारलं. म्हटलं, मी रोज प्रार्थना करतो, तरी भीती जात नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

 बाईने बागेतली गोष्ट सांगितली. पकडायला लोक येणार होते त्या रात्री येशूला भीती वाटली होती. अंगाला घाम फुटला होता. हे टळू दे, असं तो म्हणाला होता. सोबत्यांना म्हणाला होता, जागे राहा, आणि ते झोपले होते.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. देव म्हणजे भीती घालणारा, एवढंच मला ठाऊक होतं. भ्यालेला देव मला ठाऊक नव्हता. मारुतीच्या पारावर मी ओला उभा होतो तेव्हा सगळं गाव एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला मी एकटा, असं मी समजत होतो. त्या दिवसापासून तसं समजत नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही. माझी आशा एवढीच आहे, पण ती कुणी वखराने काढू शकत नाही.

दर उन्हाळ्यात पाटलांचा वखर त्या पट्टीवरून फिरतो. दर उन्हाळ्यात आई जाऊन माती ओढते. मी मोठा झालो तेव्हा तिला समजावलं, की उठवणाऱ्याला दगड जड नाही, आता आपण दगड ठेवू. ती म्हणाली, "मले मालूम हाय. पन आता ठेवले त पाटील म्हनीन, मांगीनीनं मह्या भेवानं ठेवले." या दिवाळीत मी तिला म्हणालो, यंदा वखराच्या वेळी मी येतो. ती म्हणाली, परीक्षा दे.

आणि गेल्या बाजाराला आमच्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने मला रस्त्यात गाठून सांगितलं, की तुमच्या गावात मांगाच्या जागेवरून भांडण झालं, एका बाईला लागलं. कोण बाई, किती लागलं, त्याला माहीत नव्हतं. तो नांदुऱ्याच्या गाडीने निघून गेला. तेव्हापासून मी जेवताना थांबतो, चालताना थांबतो. प्रार्थनेत एकच वाक्य येतं, आई जिवंत असू दे.

इथपर्यंत लिहिलं होतं. आज दुपारी काका होस्टेलवर आला.

तो बाकावर बसला आणि आधी पाणी प्यायला. मग सांगितलं. वखर येताना दिसला तेव्हा आई जाऊन त्या जागेवर बसली. नामाने बैल थांबवले. पाटलांनी त्याच्या हातून कासरा ओढून घेतला आणि बैल टोचले. बैल बुजले, जू आईच्या हातावर बसलं. हात मोडला. ती उठली नाही. मग काका तिच्या बाजूला जाऊन बसला. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी विचारलं, "तू काऊन बसला काका?"

"बाई मानूस मोडक्या हातानं बसली. मी उभा राहून काय पाहू?"

मग वाड्यातले बाकीचे आले आणि बसले. वखर परत गेला. आईचा हात मिशनच्या दवाखान्यात बांधला, आणि ती तिथे न थांबता गावी परतली. पाटलांनी निरोप पाठवला आहे, की सोमवारी माणसं घेऊन येतो, मग पाहतो कोण बसतं.

परीक्षा सोमवारीच सुरू होते. काकाने त्याबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी उद्याच्या गाडीने जातो आहे. भीती गेलेली नाही. तिथेही असेल. पुन्हा चड्डी ओली झाली तरी गावाने खुशाल पाहावं. मी वखराकडे तोंड करून बसणार आहे आणि उठणार नाही.

काका जायला उठला. दारात थांबून, विसरलेलं आठवावं तसं म्हणाला, "आन नाम्यानं साल सोडलं. सोमवारी वखर पाटलाले सोताच हाकावा लागीन."