खेळण्यातल्या रुळांची फट
डांबराचा वास आला की लोणावळ्यातला आमच्या रेल्वेच्या साहेबांचा बंगला आठवतो. मी तेव्हा घाटात रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होतो. साहेबांनी मला आणि आमच्या म्हाताऱ्या मुकादमांना दिवाणखान्यात खेळण्यातली रेल्वे मांडायला बसवलं. बारीक खडी पसरली, रुळांखालच्या काडीएवढ्या स्लीपरांना खरं डांबर फासलं. उन्हात लोखंड वाढतं, म्हणून सवयीने मी एका सांध्यात फट सोडली. दिवाणखान्यात कसलं आलंय ऊन? पाहुण्यांसमोर इंजिन तिथंच घसरलं. "तीस वर्षांत हेच शिकलास?" साहेब मुकादमांवर ओरडले. "माजंच चुकलं, साहेब," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची मुकादमी काढून मला दिली. मी ती घेतली. माझ्या गावात, वडगावात, आजही सगळे मला मुकादम म्हणूनच हाक मारतात.