गाण्यावरचं चौथं नाव

अमेरिकेतल्या हर्नडनमधली कॉम्प्युटरची नोकरी सोडून मी गाणी लिहायला नॅशव्हिलला, तिथल्या गाणेवाल्यांच्या गावात आलो, तेव्हा इथला एक रिवाज मला पुरता कळला नव्हता. गाणं लिहिताना खोलीत जो जो असेल, तो त्या गाण्याचा लेखक. वाटा सगळ्यांचा सारखा. कोणाच्या ओळी किती, हे विचारणारा कद्रू ठरतो. गाडी घेताना विक्रेत्याला रडकुंडीला आणणारा मी. मला हे कसं पचावं?

त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघंच लिहीत होतो. मी आणि माझी नेहमीची सहलेखिका, साठीची गिटारवाली. घर सोडून जाणाऱ्या एका नवऱ्याचं गाणं होतं. कडवी झाली होती, ध्रुवपद सुचत नव्हतं. तेवढ्यात आमच्या गाण्यांच्या प्रकाशकाच्या ऑफिसातला एकजण दुसऱ्याच कुठल्या करारावर माझी सही घ्यायला आला. सही झाली, तो निघाला. दारात आलेल्याला तसाच कसा जाऊ द्यायचा?

"बस, चहा घेऊन जा," मी म्हणालो.

सहलेखिकेनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला.

बायकोनं चहा आणला, गाणं ऐकलं आणि मला मराठीत म्हणाली, "कायमचा निघालाय म्हणतोस, पण घराची किल्ली परत केल्याचं कुठे आहे?"

"काय म्हणाल्या?" पाहुण्यानं विचारलं. मी सांगितलं.

"हेच ध्रुवपद," तो म्हणाला. वीस मिनिटांत गाणं पूर्ण झालं.

एका नावाजलेल्या गायकानं ते घेतलं. रेडिओवर जाणारं माझं पहिलंच गाणं. नोंदणीचा कागद बघतो, तर लेखक तीन; तिसरं नाव त्या पाहुण्याचं. मी त्याला फोन लावला.

"तू फक्त चहा प्यायलास."

"खोलीत बसून प्यायलो," तो शांतपणे म्हणाला. "शिवाय ध्रुवपद मी सुचवलं."

मी फोन आपटला. सहलेखिकेनं समजावलं, "भांडलास तर या गावात तुझ्याबरोबर कोणी लिहायला बसणार नाही. आणि त्याला बसवलं कोणी?"

संध्याकाळी माझी बडबड ऐकून बायको म्हणाली, "किल्लीचं तर मी म्हणाले होते."

माझं डोकं एकदम थंड झालं. मी पुन्हा फोन लावला. "नियम म्हणजे नियम ना? मग माझी बायकोही खोलीत होती. चौथं नाव तिचं."

त्यानं कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग, "ठीक आहे."

निम्मं गाणं घरात परत आलं. मी खुशीत सहलेखिकेला कळवलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "माझं निम्मं गाणं होतं. तुझ्या पाहुणचारानं ते एक तृतीयांश झालं, आता तुझ्या विजयानं पाव उरलं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "माझ्या वाट्यातून भरून देतो," मी म्हणालो. असं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं.

"नको. यापुढे फक्त दार लावून घेत जा."

ती अजूनही कार्यक्रमात ते गाणं म्हणते आणि आधी चारही नावं घेते. तिच्या, माझ्या, बायकोच्या नावाला मी जोरात टाळ्या वाजवतो. त्याच्या नावाला हात खिशात घालतो.