विमानाचा आठवा हिस्सा

त्या टायवाल्या माणसाने विमानाच्या सौद्यात मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. द्वारका चौकातल्या माझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तो विमानाचे हिस्से विकायला आला. मी पुढे केलेल्या पेरूच्या त्याने आठ फोडी केल्या.

"शेठ, एक फोड तुमची. वर्षाला ठरलेले तास उडायचं. देखभालीचा हप्ता दरमहा, उडालात तर तासाचे पैसे वेगळे. बोलावलं की आमच्यातलं जे मोकळं असेल ते विमान हजर."

बोलता बोलता सात फोडी त्यानेच खाल्ल्या आणि माझ्याच टॉवेलला हात पुसले.

मी क्लीनरचा शेठ झालेला माणूस. भाव पाडल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. शेवटी तो म्हणाला, "गर्दीच्या दिवसांचा हक्क सोडा, सूट देतो."

"आकाशात कसली आलीय गर्दी?" मी हसून सही केली. तोही हसला.

मुलीच्या लग्नाला नवरदेव नागपूरहून विमानाने ओझरच्या विमानतळावर उतरणार, असं मी गावभर सांगितलं. बँडही तिकडेच बोलावला. आदल्या दिवशी टायवाल्याचा फोन आला. "शेठ, हिस्सेदार आठ, पण मुहूर्त सगळ्यांचा एकच. उद्या गर्दी आहे."

नवरदेव रात्रभर एसटीत बसून आला. विहीणबाई अजून दर दिवाळीला विचारतात, "काय व्याहीबुवा, विमान निघालं का?"

त्या टायवाल्याने एकदा यावं आणि विहीणबाईंना समोर बसून उत्तर द्यावं. पेरू मात्र या वेळी मी कापणार!