धाकला स्पीकर

सत्तरच्या दशकात मी सांगलीत गाड्यांना टेप बसवायचो. एकदा शिराळ्याकडचा एकजण बायकोला घेऊन जीपमधून आला. त्याला एका जागी उभंच राहवत नव्हतं. सारखा दार उघडायचा, लावायचा, बोनेटवर बोटं बडवायचा.

मी मोठा स्पीकर दारात बसवला, छोटा डॅशबोर्डवर. मध्ये क्रॉसओव्हर जोडला, म्हणजे जाड आवाज मोठ्याकडं जातो आणि बारीक आवाज छोट्याकडं. टेपवर लावणी लावली.

“धाकला वाजंना की रं!”

मी क्रॉसओव्हर बदलला, छोटा स्पीकरही नवा घातला. त्याचं आपलं एकच, “न्हाई वाजत.” माझं डोकं फिरलं. गाडी घेऊन जा म्हणणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून बायको म्हणाली, “आवं, वाजतोय की मगापासनं. घुंगरं बी ऐकू येत्यात.”

त्याची बोटं थांबली. वाकून त्यानं छोट्या स्पीकरला कान लावला.

“तोफखान्यात हुतो,” तो म्हणाला. “तवाच गेलं असंल बारीक ऐकायचं.”

“काढून ठेवू का?” मी विचारलं.

“काढतोस कशाला? मागं बसव. हिच्या कानापाशी.”